लेबलवरची पाठमोरी बाई

मंगळवारी सकाळी नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी मी अंघोळ करून नुकताच बाहेर आलो होतो, तेव्हा मनीषनगरहून फोन आला. ताईच्या शेजारणीचा. "काका, तुम्ही या," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "पडली काय?" तर म्हणाल्या, "नाही... झोपेतच." ओला टॉवेल हातात धरून मी तसाच उभा राहिलो. त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलो आहे तो खरं सांगण्यासाठीच. मनात आलं, परवा रविवारी मी जे बोललो ते तिला ऐकू गेलं होतं की नाही, हे आता विचारता येणार नाही.

ताई म्हणजे मालती, माझी मोठी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मनीषनगरात एक लहानसा फ्लॅट घेऊन एकटी राहायची आणि मी दर रविवारी तिच्याकडे जायचो. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले. तेरवीनंतर तिच्या शाळेतल्या सहा-सात जुन्या शिक्षिका एकत्र जमल्या होत्या, मलाही बोलावलं होतं. चहाच्या आधी दोघी-तिघी चार शब्द बोलल्या. त्यातली एक म्हणाली, "मालतीबाईंना त्यांच्या चेहऱ्यानं फार छळलं. पण भाऊ असावा तर मधुकररावांसारखा. बहिणीच्या तोंडासाठी त्यांनी नागपुरातला एक डॉक्टर सोडला नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि त्यांना तो माझा विनय वाटला. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. मी जेवतो, झोपतो. पण एकही डॉक्टर सोडला नाही हे खरं असलं, तरी त्याच्या पुढचं वाक्य कोणाला माहीत नाही. ज्या एका माणसाला ते कदाचित माहीत होतं, ते माणूस आता नाही.

वडील गेले तेव्हा आम्ही महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागे छोटं अंगण, त्यात एक नळ आणि एक जास्वंद. ताईला सकाळच्या शाळेत नोकरी लागली. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो. आई केसांसाठी घरीच तेल करायची. माका, ब्राह्मी, आवळकाठी, जास्वंदीची फुलं, सगळं तिळाच्या तेलात कढवून. ते तेल शेजारपाजारच्या बायका मागून न्यायच्या. त्यातून मला धंदा सुचला. इतवारीच्या बाजारातून जुन्या बाटल्या आणायच्या, धुवायच्या, मोठ्या लोखंडी कढईत तेल कढवायचं, गाळायचं, भरायचं. मागणी वाढली तशी मी त्यात पांढरं तेल मिसळायला लागलो. हे पांढरं तेल म्हणजे बिनवासाचं, पाण्यासारखं दिसणारं खनिज तेल, तेव्हा पुष्कळ जण मिसळायचे. आईला ते आवडलं नव्हतं. ताई काही बोलली नव्हती.

कढईपाशी उभं राहायचं काम ताईचं. शाळेतून दुपारी यायची, दोन घास खायची आणि पदर खोचून अंगणात. कारण मी कढवलेलं तेल जळायचं. पानं कुरकुरीत झाली पण काळी पडली नाहीत, हा जो क्षण असतो तो मला कधी सापडला नाही. तिला नुसत्या वासावरून कळायचा. नागपूरचा मे महिना, अंगणात झळा, त्यात कढईतून वर येणारी तेलाची वाफ आणि त्या वाफेवर वाकलेली ताई. हाताचं तेल ती दंडाला पुसायची, कपाळावरचा घाम त्याच हातानं निपटायची. कढईच्या तळाशी जो दाट गाळ उरायचा तो टाकायचा नाही म्हणून स्वतःच्या डोक्याला लावायची. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. तेलाचं नावही मी तिच्याच नावावरून ठेवलं, मालती केशतेल.

लेबलवर तिचाच फोटो टाकायचा असं ठरलं. ही अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट. ताई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. आणि नेमकं त्याच सुमाराला तिच्या तोंडावर मुरुम यायला लागले होते. सोळाव्या वर्षी तिला एक पुटकुळी आली नव्हती, चेहरा काचेसारखा स्वच्छ होता. ज्या वयात इतरांचे जातात त्या वयात हिला आले. आधी कपाळावर केसांच्या कडेनं बारीक दाणे, मग गालांवर, मग हनुवटीखाली मोठाले, दुखरे, पिकणारे. सीताबर्डीला फोटोग्राफरकडे गेलो तेव्हा तिनं खुर्ची फिरवून घेतली आणि पाठ करून बसली. केस मोकळे सोडले. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा वळा इकडे, चेहरा येऊ द्या." ताई म्हणाली, "केसच विकून राहिलो ना आम्ही? तोंड कायले पायजे?" फोटोग्राफर हसला, मीही हसलो. लेबलं छापून आली. पाठमोरी बसलेली बाई, पाठीवरून जमिनीपर्यंत उतरलेले केस. लोकांना ते लेबल फार आवडलं. एक दुकानदार मला नेहमी म्हणायचा, "तुमची बाई कधी वळून पाहीन काय गा?"

बाटल्या घेऊन ताई रविवारी ओळखीच्या घरी जायची. केस दाखवायला तीच हवी होती. बायका केसांना हात लावून पाहायच्या, वेणी हातात तोलायच्या आणि मग चेहऱ्याकडे बघायच्या. माझ्यादेखत एक काकू म्हणाल्या, "तेल चांगलं दिसते वं, पण तुह्या तोंडाले काय झालं? पोटात गरमी हाय काय?" ताई म्हणाली, "तोंडासाठी दुसरं तेल काढून राहिलो काकू. तयार झालं की पहिली बाटली तुमाले." रस्त्यात येईपर्यंत ती हसत होती. घरी येऊन तिनं मोरीत तोंड तीनदा धुतलं. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुमाले गोवर आला काय?" त्यावर ताईचं उत्तर, "हो, ज्या वर्गातल्या पोरी पाढे पाठ करत नाही त्यांच्या बाईले येते." हे सगळं ती आम्हाला रंगवून सांगायची. म्हणून कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की तिला त्याचं विशेष काही नाही.

उपाय आम्ही पुष्कळ केले, ते मात्र खरं. मुलतानी माती झाली. मसुराचं पीठ दुधात कालवून झालं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तो डोळ्यांत गेला. जायफळ उगाळून झालं. वैद्यांनी रक्तशुद्धीचा काढा दिला, इतका कडू की आई शेजारी गुळाचा खडा घेऊन बसायची. त्यांनी वांगं, शेंगदाणे, आंबा बंद करायला सांगितलं. ताईनं तीन उन्हाळे आंबा खाल्ला नाही. तीन उन्हाळे... आणि समोर कढई चालू. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या झाल्या. मग एका औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक ट्यूब दिली. ती लावल्यावर आठ दिवसांत चेहरा असा साफ झाला की आईनं देवापुढे नारळ फोडला. महिन्याभरात ट्यूब संपली आणि सगळं दुपटीनं परत आलं, कातडी लाल आणि पातळ झाली, वारा लागला तरी आग व्हायची. पुढे कळलं की ती ट्यूब तोंडाला लावायचीच नव्हती. ताई तेव्हा शाळेत पदर गालावरून ओढून बसायला लागली. फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ शिकवायला लागली. हे मला तिच्या मुख्याध्यापिकेनं सांगितलं. ताईनं हे काही रंगवून सांगितलं नाही.

त्यानंतर मी तिला एका मोठ्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साधारण एकाहत्तर साल असावं. बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला, केसांच्या कडेनं बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. विचारलं, "डोक्याला काय लावता?" ताई म्हणाली, "घरचंच तेल आहे." बाई म्हणाल्या, "गुरुवारी येताना ते तेल घेऊन या." त्या दिवशी त्यांनी रात्री लावायचं गंधकाचं लोशन दिलं, कॅप्सूल दिल्या, त्या दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत हे दोनदा बजावलं, साध्या साबणानं दोन वेळा तोंड धुवा म्हणाल्या, फोडायचं नाही म्हणाल्या. गुरुवारी ताईच्या शाळेत तपासणी होती. ती मला म्हणाली, "तूच जाय गा बाटली घेऊन. तुले जास्त माहीत हाय त्यात काय काय टाकते ते."

मी गेलो. बाईंनी बूच काढून वास घेतला, दोन थेंब कागदावर टाकले, बोटांत चोळले. म्हणाल्या, "यात खनिज तेल आहे ना?" मी हो म्हणालो. "हे घरीच कढवता? कोण कढवतं?" मी म्हणालो, "बहीणच." त्यांनी बूच लावून बाटली टेबलावर बाजूला ठेवली. "मग मी औषध कशासाठी देते आहे? हे तेल बंद करा. डोक्याला बंद, आणि त्या वाफेसमोर उभं राहणंही बंद. कातडीची छिद्रं बुजतात यानं. हे बंद केलंत तर माझं औषध काम करेल. नाहीतर एका हातानं धुवाल आणि दुसऱ्या हातानं माखाल." पुढच्या पेशंटला त्यांनी हाक मारली. मी बाहेर आलो. महालापर्यंत चालत गेलो. बाटली त्यांच्या टेबलावरच राहिली होती.

ताई नळापाशी बाटल्या घासत बसली होती. हात साबणात. वर न बघता म्हणाली, "काय म्हणल्या?"

मी म्हणालो, "तेल चांगलं हाय म्हणल्या. तेलाचा अन् तोंडाचा काही संबंध नाही."

"बाटली कुठाय?"

"ठेवून घेतली त्यायनं."

"आवडली वाटते मंग," ती म्हणाली आणि पुढची बाटली घासायला घेतली.

हे "आवडली वाटते" मी गेली पन्नास-बावन्न वर्षं डोक्यात घोळवतो आहे. त्यात टोमणा होता का? तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज तेच शब्द ऐकू येतात तेव्हा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतो, आणि आठवतं ते फक्त नळाखाली वाकलेलं डोकं.

का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा दिलं आहे, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. दिवाळी दीड महिन्यावर होती आणि दुकानांची मागणी आधीच घेऊन ठेवली होती. आईची औषधं चालू होती. घर त्या कढईवर चाललं होतं आणि कढई ताईवर. दिवाळी झाली की सांगू, असं मी ठरवलं. हे मी खरंच ठरवलं होतं. नरक चतुर्दशीला पहाटे तिनं नेहमीप्रमाणे मला पाटावर बसवून डोक्याला तेल लावलं, आमचंच, कोमट करून. तेव्हा सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. मग संक्रांत झाली की सांगू. तोवर लोशननं नि कॅप्सूलनं चेहऱ्यात थोडा फरक पडला होता, मग वाटलं, डॉक्टरीणबाईच चुकल्या असतील. लोशन संपत आलं की मी स्वतः जाऊन आणायचो. कधी उशीर केला नाही. गंधकाच्या त्या बाटलीशेजारीच आमची बाटली असायची, एकाच फळीवर. लोक म्हणायचे, मधू बहिणीसाठी किती धावतो. मी धावत होतोच.

माझं लग्न झालं तेव्हाचा अल्बम माझ्याकडे आहे. सगळे नातेवाईक आहेत त्यात. ताई एकाही फोटोत नाही. एका फोटोत मांडवाच्या कोपऱ्यात कोणीतरी वाकून पत्रावळी मांडताना दिसतं, केसांवरून ती ताई असावी. माझ्या बायकोनं नवीन असताना विचारलं होतं, "वन्स माझ्यावर रागावल्या आहेत का, फोटोला आल्या नाहीत?" मी म्हणालो, "तिले सवय नाही."

पुढची गोष्ट मला अजून उलगडत नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ताईला एका प्रशिक्षणासाठी वर्ध्याला जावं लागलं. सहा महिने वसतिगृहात राहायचं. तिथे ना कढई, ना गाळ. मी तेलाच्या दोन बाटल्या बांधून दिल्या होत्या. ती परत आली तेव्हा मी स्टेशनवर तिला ओळखायला एक क्षण चुकलो. चेहरा साफ होता. डाग होते, खड्डे होते, पण एकही पुटकुळी नाही. आईनं उंबरठ्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. पिशवी उघडली तर दोन्ही बाटल्या तशाच, बूचही काढलेलं नाही. ती लहान मुलांना विज्ञान शिकवायची. कशामुळे काय होतं, हे तिला कळलं नसेल असं होऊच शकत नव्हतं. मी वाट पाहिली. संध्याकाळी बोलेल, जेवताना बोलेल... ती बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आली, पदर खोचला आणि कढईपाशी जाऊन उभी राहिली.

मी म्हणालो, "ताई, राहू दे. मी करतो."

"तू जाळशील."

"जळू दे ना."

"काहून? फुकटचं हाय काय?" असं म्हणून तिनं झारा घेतला. तीन महिन्यांत तोंड पुन्हा होतं तसं झालं.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी तिची विसरलेली छत्री द्यायला शाळेत गेलो होतो. सातवीतली एक मुलगी तिच्यापुढे रडत उभी होती, कपाळभर पुटकुळ्या. मी दाराबाहेर थांबलो. ताई तिला सांगत होती, "रडू नोको वं. फोडत जाऊ नोको, डाग राहते. साध्या साबणानं धू, दोनदा, दहादा नाही. अन् डोक्याले तेल लावलं का केस बांधून ठेव, कपाळावर तेल उतरू देऊ नोको. उतरलं तर टिपून घे. तरी नाही गेलं तर डॉक्टरीणबाईकडे जायचं, दुकानातून ट्यूब नाही आणायची. आईले माह्यं नाव सांग." मी छत्री दाराला टेकवून निघून आलो. म्हणजे तिला माहीत होतं. पण मग? मी खोटं बोललो हे तिला माहीत होतं, की फक्त तेलाचं माहीत होतं? की ते सगळ्या आया सांगतात तसं नुसतं सांगणं होतं? आणि माहीत होतं तर ती कढईपाशी का उभी राहिली? माझ्यासाठी? आईसाठी? की मी कधी सांगतो ते पाहत होती? प्रत्येक उत्तर थोडा वेळ खरं वाटतं, आणि मग दुसरं वाटायला लागतं.

मी विचारू शकलो असतो. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

ऐंशीनंतर मोठ्या कंपन्यांची तेलं गल्लोगल्ली आली आणि आमचं लेबल मागे पडलं. मला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकुनी मिळाली. त्र्याऐंशीच्या आसपास शेवटची कढई झाली. ताईनं ती राखेनं घासली, तिच्यात माती भरली आणि गोकर्णाचा वेल लावला. वर्षभरात तिचा चेहरा स्वच्छ झाला तो कायमचा. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. कोणी विचारलं की म्हणायची, "वय झालं बापा. मुरुमही कंटाळले." केस तिनं खांद्यापर्यंत कापले. त्यानंतर तिच्या डोक्याला तेल लागलेलं मी पाहिलं नाही. दिवाळीला माझ्या डोक्याला मात्र लावायची, बाजारचं, मोजून दोन थेंब.

ती जायच्या आधीच्या त्या रविवारी मी ठरवून गेलो होतो. दिवाळीला चार दिवस होते. महिनाभरापूर्वी तिला घेरी आली होती आणि मला भीती वाटायला लागली होती. ती खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसली होती. ऐकायचं मशीन नेहमीप्रमाणे कानात नव्हतं, तिच्या मते त्यात फक्त भांड्यांचे आवाज यायचे. मी बसायच्या आत तिनं माझ्यापुढे एक बाटली धरली. काचेची, आमची. लेबल पिवळं पडलेलं, पण पाठमोरी बाई जागेवर.

"ही कुठून काढली?"

"शेवटल्या पेटीतली. एक ठेवली होती. आत दुकानातलं खोबरेल हाय, घाबरू नोको." मग म्हणाली, "डोक्याले लावून दे. टाळू पार सुकून गेली." आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी तेल तळहातावर घेतलं. पांढरे, विरळ केस, खाली गुलाबी कातडी. आयुष्यात कधी मी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बोलता आलं असेल. मी म्हणालो, "ताई, त्या डॉक्टरीणबाई तेल बंद करा म्हणल्या होत्या. वाफ बी बंद करा म्हणल्या होत्या. मी तुले खोटं सांगतलं." हात थांबवला नाही. तिची मानही हलली नाही. खिडकीखाली एक ऑटोवाला कोणाशी तरी भांडत होता.

मग ती म्हणाली, "जोरानं चोळ गा. भीत भीत काय करून राहिला?"

मी जोरानं चोळलं. मग वाकून तिच्या कानाजवळ म्हणालो, "ताई, मी काय म्हणालो ते ऐकलं काय?"

"कानापाशी बोलू नोको, गुदगुल्या होते." आणि मग, "वेणी घाल आता."

"मले येत नाही."

"तीन पेड घे अन् एकावर एक टाक. त्यात काय पोथी वाचायची हाय?"

मी तीन पेड घेतले. ते हातातून निसटत होते. बोटाएवढी वेणी झाली, तीही सैल. तिनं हात मागे नेऊन ती चाचपली आणि खांदे हलेपर्यंत हसली. "हिले कोणी लेबलवर घेणार नाही बापा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तेल तिच्या कपाळावर उतरलं होतं. पदराचं टोक घेऊन तिनं ते टिपून घेतलं, केसांच्या कडेकडेनं, हळूहळू, भुवयांच्या वर, एकदा आणि पुन्हा एकदा. टिपत असताना ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. मायेनं, असंही मला म्हणता येत नाही. वर्गात एखाद्या मुलानं उत्तर द्यायला फार वेळ लावला की ती पाहत असेल, तसं काहीसं... पण हेही मी आता, नंतर बसवतो आहे. चहा ठेवते म्हणाली. चहा घेऊन मी निघालो.

ती गेल्यावर ही बाटली मी तिच्या घरून आणली. माझ्या खिडकीत ठेवली आहे. थंडी पडली आहे, सकाळी आतलं खोबरेल पांढरं, घट्ट होतं. अकराच्या उन्हात ते वितळतं आणि आरपार दिसायला लागतं. काल ते वितळल्यावर मी बाटली फिरवून मागून पाहिली. तेलाच्या पलीकडे लेबलाची आतली बाजू दिसते. त्यावर काही छापलेलं नाही. कोरा कागद, आणि मैद्याची खळ लावताना उठलेला एका बोटाचा ठसा. लेबलं आम्ही दोघंही चिकटवायचो, समोरासमोर बसून. ठसा माझा आहे की तिचा, हे मला ओळखता आलं नाही.